धाकटीची टकटक

आबांना मुली दोन. थोरली हाडामांसाची आणि धाकटी लोखंडाची. थोरली जन्मली त्याच्या पुढच्याच वर्षी त्यांनी ट्रक घेतला, आणि तेव्हापासून घरात, गल्लीत, गॅरेजात सगळे त्या ट्रकला धाकटीच म्हणत आले. पुढे थोरलीचं लग्न झालं. जावई आला तो घरातच राहायला आला, कारण घरामागे लाँड्री होती आणि ती चालवायला भरवशाचा माणूस हवा होता. आबा त्याला जावईबापू म्हणत. गल्लीतली चेष्टेखोर मंडळी त्याला अडवून विचारत, "काय जावईबापू, मेहुणी बरी आहे ना?"

मेहुणी सध्या बरी नव्हती. गेले काही महिने तिच्या इंजिनातून टकटक ऐकू येत होती. मोठा आवाज नव्हे. बँकेच्या खिडकीपलीकडचा माणूस फोनवर बोलत बसला की अलीकडचा माणूस नखाने काच वाजवतो, तसा. घरासमोरून निघताना धाकटी अगदी शहाण्यासारखी निघे. टकटक सुरू व्हायची ती गावाबाहेरच्या सरळ रस्त्याला लागल्यावर, आणि मग इस्पितळाच्या मागच्या अंगणात पोहोचेपर्यंत ती चांगली रंगात आलेली असे.

आणि तिथेच सगळं अडत होतं. इस्पितळाच्या चादरी, गाऊन, पडदे, सगळं या लाँड्रीत धुतलं जाई. रोज सकाळी लवकर थोरली ट्रक घेऊन जायची, धुतलेल्या कपड्यांच्या चाकाच्या गाड्या उतरवायची आणि मळक्या चढवायची. ट्रकच्या मागे लोखंडी फळी होती, ती खालीवर करायला इंजिन चालू ठेवावं लागे. म्हणजे फळी चालू असेपर्यंत धाकटी वॉर्डाच्या खिडक्यांखाली टकटक करत उभी.

एके दिवशी मेट्रनबाई स्वतः खाली आल्या. स्वेटरच्या बाह्या ओढत त्यांनी बॉनेटकडे बोट दाखवलं.

"वरच्या वॉर्डात एक आजीबाई आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांना वाटतं कुणीतरी दार वाजवतंय. रोज उठून बसतात आणि 'या, दार उघडंच आहे' म्हणतात. मग सगळा वॉर्ड जागा होतो. येत्या सोमवारपासून एक तर हा आवाज बंद, नाही तर ही गाडी बंद. दुसरी आणा. कपड्यांबद्दल माझी काही तक्रार नाही."

थोरलीने घरी येऊन जेवताना हे सांगितलं, आणि सांगतानाच उपायही सांगून टाकला. तिच्या माहितीत एक जण होता, त्याची एक बरी व्हॅन विकायची होती. धाकटीला तो भंगारात घालून देणार होता.

आबांनी ताटावरून मान वर केली नाही. त्यांना ऐकू कमी येई, पण भंगार हा शब्द त्यांना बरोबर ऐकू गेला होता, हे जावयाने पाहिलं. आबा नेहमी शेवटी थोडा भात मागत. त्या दिवशी मागितला नाही.

जावई हा तसा बुजरा माणूस. मशीन फिरत असताना शेजारी स्टुलावर बसून हाताला लागेल तो कागद वाचायचा: साबणाच्या पाकिटामागची सूचना, जुनं वर्तमानपत्र, मशीनबरोबर आलेलं पुस्तक. वाचलेलं त्याच्या लक्षात राही, पण चारचौघांत ते बोलावं असं त्याला कधी वाटत नसे. आपलं चुकत असणार, असं आधीच धरून चाले. ट्रक हा तर आबांचा प्रांत. त्यात तो कधी नाक खुपसत नसे. पण त्या न मागितलेल्या भाताने त्याच्या मनात काहीतरी हललं.

"आबा, ही टकटक कशाची असते हो?" त्याने विचारलं.

"टॅपेट," आबा म्हणाले. "जाड ऑइल हवंय तिला. म्हातारपणी अंगात सैलपणा येतो. जाड तेल असलं की सगळं जागच्या जागी बसतं."

"जाडच आहे की आत्ता," थोरली म्हणाली. "गेल्या खेपेला तुम्हीच घातलंत. तेव्हापासून तर जास्त वाजतंय."

"तू चालवायला लागलीस तेव्हापासून वाजतंय."

"हो, मी मुद्दाम आतून ठोकते ना."

जावयाने दोघांकडे पाहिलं. दोन माणसं, दोन तारखा. खरंच, कधीपासून वाजतंय हे? त्याच्या आठवणीप्रमाणे मोठं मशीन आलं तेव्हा वाजायला लागलं होतं. पण कपडे धुण्याच्या मशीनचा ट्रकच्या इंजिनाशी काय संबंध? म्हणून तो गप्प बसला.

दुसऱ्या दिवशी गॅरेजातला मेस्त्री घरी आला. बॉनेट उघडून त्याने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं, दांडा कानाला लावला आणि डोळे मिटले. आबांनीही शेजारी तळहात टेकला. कान दगा द्यायला लागल्यापासून ते हाताने ऐकत. धाकटी घरासमोर उभी राहून मऊसूत घुरघुरत होती.

"काही नाही वाजत," मेस्त्री म्हणाला.

"डॉक्टरसमोर खोकत नाही ती," थोरली म्हणाली.

मेस्त्री हसला. मग जावयाला समजावून सांगू लागला, कारण नीट ऐकून घेणारा तेवढाच एक होता. "टॅपेट म्हणजे आत लहान लहान कुप्या आहेत समजा. त्यांत तेल भरतं, भरलं की त्या टणक होतात आणि वरच्या व्हॉल्व्हला अलगद ढकलतात. तेल नीट भरलं नाही की कुपी पोकळ राहते. पोकळ राहिली की आपटते, तीच टकटक. जुन्या इंजिनात आत काजळी साचते, तेलाच्या वाटा तुंबतात. पातळ तेल घाला. ते आत शिरेल, धुऊन काढेल."

"म्हणजे जाड नको?"

"आबांच्या समोर मी काय बोलणार? पण नको."

जावई ऑइलच्या दुकानात गेला. भिंतभर डबे होते, आणि प्रत्येक डब्यावर दोन दोन आकडे. त्याने एक डबा उचलला, मागची बाजू वाचली, ठेवला. दुसरा उचलला. दुकानदार काउंटरवर कोपर टेकून बराच वेळ बघत होता.

"लोक डबा उचलतात आणि जातात," शेवटी तो म्हणाला. "तुम्ही परीक्षेला बसल्यासारखे वाचताय."

"हे दहा आणि तीस म्हणजे नेमकं काय?"

"पहिला आकडा गार इंजिनाचा. जितका लहान, तितकं तेल सकाळी झपकन धावतं. दुसरा गरम इंजिनाचा. जितका मोठा, तितकं तेल तापल्यावरही अंग धरून राहतं, पाणी होत नाही. गाडी कोणती?"

"जुनी आहे. टॅपेट वाजतात."

"मग ही बाटली घाला, दोन दिवसांत गप्प."

"बाटलीत काय आहे?"

दुकानदाराने बाटली उलटीसुलटी केली. "ते काही लिहिलेलं नाही बघा."

ज्यावर काही लिहिलेलं नाही ते घ्यायला जावयाचं मन धजेना. त्याने मेस्त्रीच्या सांगण्याप्रमाणे पातळ, म्हणजे दहा-तीसचे डबे घेतले.

ऑइल बदलायचं काम घरासमोरच झालं. खालचा नट काढल्यावर काळं तेल टबात पडू लागलं आणि पडतच राहिलं. टब काठोकाठ भरला, थोडं जमिनीवर सांडलं. "टब लहान आणलात जावईबापू," आबा म्हणाले. जावई ओशाळला आणि चिंधी आणायला धावला. पुढे नवं तेल घालताना, ट्रकच्या पुस्तकात लिहिलं होतं तेवढं तेल संपलं, तरी आबा तेल मोजायची पट्टी काढून बघत आणि मान हलवत.

"अजून."

"पुस्तकात एवढंच लिहिलंय आबा."

"पुस्तक लिहिणाऱ्याने हिला कधी पाजलंय का? पट्टी बघा. खालच्या खुणेलाही टेकलेलं नाही."

पट्टीवर खरंच तेवढंच दिसत होतं. जावयाने आणखी एक डबा फोडला. पट्टी बघण्याची आबांची एक पद्धत होती आणि ती ते कुणाला मोडू देत नसत. गाडी दमून आली की तेल तिच्या अंगभर पसरलेलं असतं. थांबल्यावर ते हळूहळू खाली उतरतं. म्हणून सकाळी, इंजिन जागं व्हायच्या आधी, गाडी जिथे झोपली असेल तिथेच पट्टी काढायची. तेव्हा जे दिसतं ते खरं. इतकी वर्षं ते हेच करत आले होते, आणि इतकी वर्षं धाकटीने एकदाही कुणाला रस्त्यात उभं केलं नव्हतं. त्यामुळे पट्टी पुसून झाल्यावर वाद संपलेला असे.

दुसऱ्या सकाळी थोरली परतली ती तोंड पाडूनच. "वाजतंय," ती म्हणाली. "उलट जरा जास्तच. आजीबाईंनी आज खिडकी उघडून 'कोण पाहिजे' विचारलं."

"पातळ," आबा म्हणाले, आणि एवढंच बोलून आत गेले.

जावई मात्र कोड्यात पडला. जाड तेलाने वाजतं. पातळ तेलाने वाजतं. घरासमोर वाजत नाही, इस्पितळात वाजतं. मग हे तेलाचं दुखणं आहे तरी का? याच विचारात त्याने मोठ्या मशीनमध्ये साबण घातला. मग ट्रकचं पुस्तक पुन्हा चाळलं, आणि तंद्रीत पुन्हा एकदा साबण घातला.

थोड्या वेळाने मशीनच्या दारातून फेस बाहेर येऊ लागला. त्याने घाईने पाणी सोडायचं बटण दाबलं. पंप सुरू झाला, पण पाणी काही जाईना. पंप नुसता कोरडा वाजत राहिला: टर्र, टक, टक, टक.

एरवी त्याने कपाळावर हात मारला असता. आज तो फेसाच्या डबक्यात तसाच उभा राहिला आणि ऐकू लागला. पंपाला पाणी ढकलता येतं, फेस ढकलता येत नाही. फेसात हवाच जास्त. हे त्याला वर्षानुवर्षं माहीत होतं. मेस्त्री काय म्हणाला होता? कुपी पोकळ राहिली की आपटते. तेलाला फेस आला तर? पण तेलात साबण कुठून येणार? मग त्याला आठवलं, फेस यायला साबणच लागतो असं नाही. ड्रममध्ये पाणी गरजेपेक्षा जास्त झालं, की फिरणारं भांडं ते नुसतं घुसळत बसतं.

गरजेपेक्षा जास्त. आणि तो भरून वाहिलेला टब.

सकाळी तो काहीतरी निमित्त काढून थोरलीबरोबर ट्रकमध्ये बसला.

"आज तुम्ही कसे?" तिने विचारलं.

"उगाच. मेहुणीची सोबत."

ती हसली नाही, पण गिअर टाकताना तिच्या ओठांचा कोपरा हलला. सरळ रस्त्यावर टकटक सुरू झाली. अंगणात पोहोचल्यावर दोघांनी गाड्या उतरवायला घेतल्या. पहिली गाडी फळीवरून खाली आली, आणि जावई सवयीने खिशातला लाकडी गुटका काढून चाकाखाली सारायला वाकला.

"इथे लागत नाही तो," थोरली म्हणाली. "घरी लागतो."

तो वाकलेला तसाच राहिला. खरंच, गाडी जागच्या जागी उभी होती. अंगण सिमेंटचं, पाटीसारखं सपाट. घरासमोर मात्र प्रत्येक गाडीच्या चाकाखाली गुटका, आणि ट्रकच्या चाकामागे दगड. कारण घरासमोर चढ होता. धाकटी पूर्वी मागच्या पटांगणात झोपायची. मोठं मशीन आलं तेव्हा त्या जागी शेड झाली आणि तिला पुढच्या चढावर, तोंड वर करून, उभं करायला लागले. कधीपासून वाजतंय याचं उत्तर त्याने पहिल्याच दिवशी मनात दिलं होतं आणि वेडेपणा म्हणून सोडून दिलं होतं.

"इंजिन बंद कर," तो म्हणाला. "आणि जरा थांबू."

"किती?"

"तेल खाली उतरेपर्यंत."

तिने कपाळाला आठ्या घातल्या, पण किल्ली फिरवली. नवरा आपणहून काही सांगतोय हेच मुळात नवीन होतं. दोघं फळीवर पाय सोडून बसली. मग त्याने पट्टी काढली, पुसली, पुन्हा घातली आणि काढली. तेल वरच्या खुणेच्याही कितीतरी वर चढलं होतं, आणि त्यात बारीक बारीक बुडबुडे होते.

"चढावर तेल मागे जातं," तो हळूच म्हणाला. "पट्टी पुढे आहे. तिला ते दिसतच नाही. म्हणून आबा आणखी घालतात. सपाटीला आलं की सगळं पुढे येतं आणि इंजिन ते घुसळतं. मला आपलं असं वाटतं. चुकतही असेन."

थोरलीने पट्टी हातात घेऊन पाहिली. "आणि आपण बिचाऱ्या तेलांना नावं ठेवतोय," ती म्हणाली. मग तिचा चेहरा बदलला. "आबांना कोण सांगणार?"

"तू."

"मी सांगितलं तर भांडण होईल. तुम्ही सांगितलंत तर अपमान होईल. बघा काय परवडतं ते."

दोन्ही परवडत नव्हतं. रविवार उजाडला तरी जावयाला वाक्य सापडेना. त्याने मनात बरीच जुळवून पाहिली. प्रत्येकाच्या शेवटी आबांची पद्धत चूक ठरत होती, आणि ती तर चूक नव्हतीच. जागा बदलली होती. अखेर चहाचा कप आबांच्या हातात देताना तो म्हणाला, "आबा, मला पट्टी बघायला शिकवाल का?"

आबांनी कप खाली ठेवला. "इतकी वर्षं नाही सुचलं ते?"

"भीती वाटायची."

"पट्टीची?"

"तुमची."

आबा खूश झाले, हे त्यांनी लपवलं. "चला मग. बाहेरच उभी आहे."

"इथे नको. इस्पितळाच्या अंगणात जाऊ या का? रविवारी तिथे कुणी नसतं."

"का? इथे काय वाईट आहे?"

जावयाने खाली ठेवलेला कप उगाच सरळ केला. "इथे गाड्या घरंगळतात," तो म्हणाला.

 आबांनी दारातून धाकटीकडे पाहिलं. तिच्या वर उचललेल्या तोंडाकडे, मग चाकामागच्या दगडाकडे. बराच वेळ पाहिलं. मग टोपी घातली आणि थोरलीला हाक मारली.

अंगणात पोहोचेपर्यंत धाकटीच तेवढी बोलत होती. इंजिन थांबल्यावर आबा उतरले. कोपऱ्यात एक रिकामी चाकाची गाडी होती, तिला त्यांनी पायाने हलकेच ढोसलं. ती थोडी सरकली आणि तिथेच थांबली. तेल उतरल्यावर त्यांनी स्वतः पट्टी काढली. पुसली, घातली, काढली. पुन्हा पुसली. अंगठा आणि बोटामध्ये ते तेल चोळून त्यांनी बुडबुडे फोडले.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"कळलं असं नाही आबा. वाटलं."

"माझ्या तळहाताला कळायला हवं होतं," आबा म्हणाले. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. "गळ्यापर्यंत पाजत होतो हिला. आणि वर म्हणत होतो, तहानलेली आहे."

थोरलीने तोंड उघडलं होतं, चेष्टेसाठीच. तिने ते मिटलं आणि ट्रकमधून टब आणायला गेली. या वेळी मोठा टब आणलेला होता.

सगळं तेल निघाल्यावर आता कोणतं घालायचं हा प्रश्न आलाच. आबा सवयीप्रमाणे जाड म्हणायला गेले आणि मध्येच थांबले. "तुम्ही सांगा जावईबापू. तुम्ही डबे वाचलेत."

जावयाला वाटलं, शिकवा म्हणालो तेच बरं होतं. पण सांगायला तर हवं होतं. "जाड तेल सकाळी गार इंजिनात चढायला वेळ लावतं," तो अडखळत म्हणाला. "फार पातळ असलं, तर तापल्यावर हिच्या जुन्या सांध्यांत ठरणार नाही. मेस्त्रीचं धुऊन काढण्याचं म्हणणंही खोटं नाही, पण ते काम मधल्या तेलालाही जमतं, हळूहळू. पुस्तकात दहा-चाळीसही चालतं असं लिहिलंय. मी काल आणून ट्रकमध्ये ठेवलंय. आवडलं नाही तर परत देता येईल."

"ओता," आबा म्हणाले.

पुस्तकात लिहिलं होतं तेवढंच तेल गेलं, आणि सपाटीवर ते पट्टीच्या वरच्या खुणेला बरोबर टेकलं. किल्ली फिरवल्यावर धाकटी जराशी टकटकली. जावयाचा जीव टांगणीला लागला. कुप्या भरल्या असाव्यात, टकटक विरली. पण एक मात्र राहिलीच, अगदी बारीक, कान देऊन ऐकली तरच ऐकू येणारी.

"एक वाजतेय अजून," थोरली म्हणाली.

आबांचा तळहात इंजिनावर होता. "असू दे. या वयात एखादा सांधा वाजायचाच. माझा गुडघा वाजतो, मला कुठे भंगारात घालतेस?"

सोमवारी तिघंही गेली. गाड्या खाली आल्या, वर चढल्या, फळी मिटली. मेट्रनबाई नेहमीपेक्षा उशिराच खाली आल्या, आणि ट्रक दिसताच चपापल्या.

"तुम्ही आलात कधी? मी चादरी आल्या नाहीत म्हणून फोन करायला निघाले होते." मग त्यांच्या लक्षात आलं. त्या बॉनेटजवळ आल्या, मान वाकडी करून ऐकलं, आणि सरळ झाल्या. "ही चालेल," त्या म्हणाल्या. जाता जाता वळून पुढे म्हणाल्या, "आजीबाई मात्र नाराज आहेत. रोज येणारे ते गृहस्थ आज का आले नाहीत, विचारत होत्या."

परतताना आबा मध्ये बसले होते. इस्पितळाचं फाटक ओलांडल्यावर त्यांनी घसा साफ केला.

"यापुढे तेल इथेच बघायचं. गाड्या उतरवून झाल्यावर, इंजिन थांबवून, जरा बसून. मी येत जाईन रोज."

"पण तुम्ही तर म्हणायचात, गाडी जिथे झोपते तिथेच," थोरली म्हणाली. तिला राहवलं नाही.

"मी असं म्हटलंच नव्हतं. जिथे आडवी पडते तिथे, असं म्हटलं होतं. आडवी म्हणजे सपाट. काय जावईबापू?"

जावयाने खिडकीबाहेर पाहिलं. "असंच काहीसं म्हणाला होतात," तो म्हणाला.

घरी जेवायला बसल्यावर आबांनी शेवटी थोडा भात मागितला.